पाणी आणि पोकळी यांच्यामध्ये मी

"पानी दखाले कोनी इंदूर जास का वं द्रौपदाबाई? पानी तं आपला हंडामा बी शे."

"जाऊ दे वं लताबाई. एकदा जाई यी, दखी यी, मंग शांत बशी. आनि तशी ती बोलस तरी काय? माले सूनना तोंडनी भीती नई. तिन्हा गप ऱ्हावानी वाटस."

हे बोलणं धुळ्यातल्या एका स्वयंपाकघरात चाललं होतं. ज्या सुनेबद्दल चाललं होतं, ती प्राची दाराच्या अलीकडे उभी होती. तिच्या एका हातात चहाचे रिकामे कप होते आणि दुसऱ्या हातात मी. सासू आणि शेजारीण यांचं हे बोलणं तिच्यासाठी नव्हतं, माझ्यासाठी तर नव्हतंच. ती पाऊल न वाजवता मागे गेली, मग चपला घासत, कप किणकिणवत नव्याने आली. आत लगेच विषय बदलला आणि भेंडीचा भाव सुरू झाला.

मी खिडकी बोलतेय. भिंतीतली नव्हे. मला गज नाहीत, पडदा नाही आणि माझ्यातून गल्ली दिसत नाही. माझा आकार तिळाएवढा. जाडी विचाराल तर डोक्याच्या एका केसाचे उभे हजार भाग करा, त्यातला एक घ्या. तेवढी मी जाड. माझ्या मानाने कांद्याचं साल म्हणजे गोधडी.

माझा जन्म दूरच्या एका थंड देशात झाला. सिलिकॉनच्या चकचकीत चकतीवर तापलेल्या वाफेतून आमचा पातळ थर बसवला. मग मागचा सिलिकॉन जागोजागी क्षाराने खाऊन टाकला. आधार गेला आणि ज्या उरल्या त्या आम्ही बहिणी. आधार काढून घेतल्यावरच आम्हाला कामाच्या समजतात. तेव्हापासून मला सारखी धास्ती असते. स्वभाव म्हणा. जिला फुटायला एक शिंक पुरते, तिने निवांत तरी कसं असावं?

कुरियरच्या डब्यातून जळगावच्या विद्यापीठात पोचेपर्यंत माझ्या बऱ्याच बहिणी गेल्या. मी वाचले. तिथे संशोधन करणाऱ्या प्राचीने मला चिमट्याने उचललं ते श्वास रोखून. तिने स्टीलच्या एका छोट्या डबीच्या तोंडावर मला डिंक लावून बसवलं. डिंक सुकला आणि माझं त्या स्टीलशी कायमचं लग्न लागलं. स्टील बरा आहे. बोलत नाही, हलत नाही. फक्त उन्हाळ्यात तो माझ्यापेक्षा जास्त फुगतो, तेव्हा ताण येतो. पण ते कुणाच्या घरी होत नाही?

आता माझं काम. पाण्याचा एकेक कण शेजारच्या कणांचे हात धरून असतो. धरतो, सोडतो, दुसऱ्याचा धरतो, आणि हे इतक्या झटपट की पापणी लवेपर्यंत त्याचे असंख्य जोडीदार बदललेले असतात. बर्फात प्रत्येकाचे चार हात धरलेले. पण वाहत्या पाण्यात? काही शास्त्रज्ञ म्हणतात, जवळजवळ चारच. काही म्हणतात, छे, बऱ्याच जणांचे दोनच. हे भांडण वर्षानुवर्षं चाललंय. ज्या पाण्यावाचून कुणाचा दिवस जात नाही, ते आतून कसं बसलंय हे अजून नक्की कुणाला माहीत नाही.

ते बघायचं तर क्ष-किरण लागतात, तेही फार सौम्य. हे किरण इतके नाजूक की वाटेत हवा असली तरी हवाच त्यांना गिळून टाकते. म्हणून सगळी हवा काढून टाकलेल्या नळीतून ते सोडावे लागतात. पण अशा पोकळीत पाणी ठेवलं तर क्षणात वाफ होऊन जाईल. तेव्हा पाणी आणि पोकळी यांच्यामध्ये कुणीतरी उभं राहायला हवं, किरणांना वाट देईल आणि पाण्याला देणार नाही असं. ती मी. एका बाजूला पाणी दाबतंय, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. हे "काहीच नाही" किती जोरात ओढतं, ते त्याच्या काठाला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

प्राची मूळची बोदवडची. लग्न होऊन धुळ्याला आली तेव्हा तिचं संशोधन अर्धं झालेलं होतं. सासरे पितांबर आबा एस.टी.त कंडक्टर होते, आता निवृत्त. सासू द्रौपदाबाई. नवरा धम्मपाल चाळीसगावच्या बँकेत, रोज जाऊन येऊन. माणसं वाईट नव्हती. आल्यागेल्याला मोठ्याने "जय भीम" घालणारं, भरपूर जेवू घालणारं घर. पण त्यांना सुनेशी काय बोलावं ते कळत नव्हतं, आणि सुनेला शब्द जमवायला वेळ लागायचा. तोवर विषय पुढे गेलेला असायचा.

इंदूरला एक भलंमोठं गोल यंत्र आहे. त्यात इलेक्ट्रॉन गरगर फिरतात आणि वळताना हवे ते किरण सोडतात. तिथे नंबर लागायला देशभरातली माणसं अर्ज करून वाट बघतात. प्राचीचा नंबर लग्नानंतर लगेच लागला. घरात परवानगीचा प्रश्न निघाला तेव्हा आबा म्हणाले, "जाऊ द्या, एक वेळची गोष्ट आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या. प्राचीनेही. त्या डोलावण्यात तिने काय कबूल केलं ते मला समजलं होतं. या एका फेरीत काम झालं तर प्रबंध पुरा होईल. नाही झालं, तर दुसऱ्या फेरीसाठी या घरात तोंड उघडावं लागेल. आणि तेच तिला सगळ्यात अवघड.

काम असं होतं. साधं पाणी मोजायचं आणि शेजारी जड पाणी मोजायचं. जड पाणी दिसायला अगदी साध्यासारखंच, पण त्यातला हायड्रोजन दुप्पट वजनाचा. त्याचे कण एकमेकांचे हात थोडे घट्ट धरतात. दोन्हींच्या रेघा शेजारी ठेवल्या की हात किती धरलेत, किती सुटलेत, याचा अंदाज लागतो. साधं शुद्ध पाणी इंदूरला मिळणार होतं. जड पाणी मात्र जळगावच्या तिच्या मार्गदर्शक सरांच्या कुलुपातल्या कपाटातून, सह्या करून, निळ्या बुचाच्या काचेच्या बाटलीत आणलं होतं.

निघायच्या आदल्या दिवशी प्राचीने ती बाटली घरी आणून फ्रीजमध्ये ठेवली, उकाड्यात तापू नये म्हणून. मला स्टीलसकट फ्रीजवर ठेवलं, प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात. बाटलीत काय आहे हे ती कुणाला म्हणाली नाही. म्हटलं असतं तर "जड म्हंजे काय?" पासून सुरुवात झाली असती. तिने बाटलीच्या गळ्याला इंग्रजी अक्षरांची चिठ्ठी लावली आणि तेवढं पुरेल असं मानलं.

मी फ्रीजवरून बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. ज्या गावात नळ रोज येत नाही तिथल्या माणसांना यातलं गांभीर्य सांगायला नको. घरात धावपळ उडाली. प्राची पाइप घेऊन गच्चीवरच्या टाकीशी गेली. द्रौपदाबाई मोरीत हंडे घासत होत्या. आणि आबांचं ठरलेलं काम सुरू झालं. घरात जिथे जिथे शिळं पाणी असेल ते ओतून द्यायचं, भांडं धुवायचं आणि ताजं पाणी फडक्यातून गाळून भरायचं. माठ झाला, कळशी झाली, तांब्या झाला. मग आबांनी फ्रीज उघडला.

प्लास्टिकच्या बाटल्या एकेक करून बाहेर आल्या. शेवटी निळं बूच बाहेर आलं.

"आँ? ही तर पोरीची प्रवासाची दिसते," आबा स्वतःशीच म्हणाले. "कालपासून भरून ठेवली! एवढ्या लांब जायचं आणि शिळं पाणी पिऊन?"

मी ओरडले असते. खिडकीला ओरडता येत नाही. मी फक्त ताणले गेले.

आबांनी दारातल्या कढीपत्त्याच्या कुंडीत ती बाटली उपडी केली. सह्यांचं, कुलुपातलं ते पाणी मातीने दोन घोटांत पिऊन टाकलं. पुढे जे झालं त्याने तर माझं अवसानच गळालं. चिठ्ठी भिजू नये म्हणून आबांनी ती नखाने अलगद सोडवून कपाळाला चिकटवली. बाटली राखेने घासली, विसळली, नळाचं पाणी दोनदा गाळून भरलं, बूच घट्ट लावलं, आणि चिठ्ठी होती तिथे, होती तशी पुन्हा लावली. उभा जन्म तिकिटं फाडलेला माणूस. कागद जपायची सवय.

दुपारी दिपमाला विद्यापीठाची गाडी घेऊन आली. ही प्राचीहून सीनियर, बोलकी, प्रयोगात पक्की. प्राचीने बाटली काढली, चिठ्ठी बघितली, फोममध्ये नीट ठेवली. मीही त्याच खोक्यात, बाटलीच्या शेजारी. आबा गाडीपर्यंत आले आणि म्हणाले, "पाणी ताजं आहे हं." प्राचीला वाटलं टाकीबद्दल बोलतायत. तिने मान हलवली. महामार्गावर गाडी लागली आणि घाटातल्या वळणांवर ते नळाचं पाणी माझ्या कानाशी डुचमळत राहिलं. मला सगळं माहीत होतं आणि सांगता येत नव्हतं. असं किती बायकांचं होत असेल, असा विचार त्या रस्त्यावर माझ्या मनात येऊन गेला.

इंदूरला मला नळीच्या टोकाशी बसवलं. पंप सुरू झाला. पुढची हवा जाऊ लागली, तशी मी मधोमध फुगले. दिपमालाने कानातले इअरफोन काढले. प्राची हाताची घडी घालून उभी होती. बोटं दंडात रुतलेली. मी टिकले.

आधी माझ्या मागच्या डबीत तिथलं शुद्ध पाणी भरलं. यंत्र किरणांची ताकद एकेक पायरीने वाढवत नेतं, आणि कोणत्या पायरीला पाण्यातला ऑक्सिजन किती किरण गिळतो, त्याची रेघ पडद्यावर उमटते. एक मोठा चढ येतो. त्या चढाच्या अलीकडे एक लहानसा उंचवटा दिसतो, तो हात सुटलेल्या कणांचा. सगळं भांडण त्या उंचवट्यावरून आहे. रेघ सुरेख आली. पुन्हा घेतली, तशीच आली. साध्या पाण्याचं काम फत्ते.

मग निळ्या बुचाची बाटली उघडली.

आता हा उंचवटा थोडा बसका यायला हवा होता, कारण जड पाण्याचे हात घट्ट. रेघ सरकत सरकत आली आणि पहिल्या रेघेवर जाऊन बसली. तंतोतंत. एक रेघ दुसरीखाली लपून गेली.

"अगं!" दिपमाला खुर्चीतून उठलीच. "फरकच नाही! शून्य! प्राची, हे आजवर कुणी म्हटलेलं नाही. सर उडी मारतील. पेपर होणार बघ यावर."

प्राचीने पडद्यावर दोन्ही रेघा मोठ्या करून पुन्हा ताडून बघितल्या.

"तू खूश का नाहीस?"

"आहे."

"हे खूश तोंड आहे तुझं?"

त्या वेळी माझी जी अवस्था झाली ती पोकळीनेही कधी केली नव्हती. फुटणं मला समजतं. फुटलेल्या खिडकीने कुणी फसत नाही, ती बदलतात आणि काम पुढे जातं. पण मी धड होते, स्वच्छ होते, आणि माझ्यातून एक खोटी गोष्ट इतकी साफ दिसत होती की उद्या ती छापून आली असती. जगात कुणीतरी ती वाचून आपला प्रयोग बदलला असता. कारण धुळ्याच्या नळाला पाणी आलं होतं.

"परत घेऊ," प्राची म्हणाली.

"परत कशाला? वेळ संपत चाललाय आपला."

"डबी रिकामी करून सुकवू आणि परत भरू."

डबी रिकामी केली, मला सुकवलं. पुन्हा भरायच्या आधी माझ्या अंगावर तडा गेलाय का ते बघायची पद्धत आहे. दिपमालाने मला सूक्ष्मदर्शकाखाली धरलं.

"तडा नाही. कसलातरी गोल डाग आहे. पांढरट."

प्राची वाकली. बघितलं. बराच वेळ तिने डोळा काढला नाही.

"हा डाग मला माहीत आहे," ती म्हणाली. "हंड्याच्या बुडाला असतो. बादलीला असतो. मोरीतल्या नळाला तर आठवड्यात धरतो. मी रोज चिंच लावून घासते."

"म्हणजे?"

"जड पाणी सुकलं तर मागे काही राहत नाही. हा नळाच्या पाण्याचा खार आहे."

तिने त्या बाटलीतलं पाणी आणि तिथलं शुद्ध पाणी, दोन्ही सारख्या मापाने घेऊन काट्यावर ठेवलं. जड पाणी चांगलं दहाव्या हिश्शाने जास्त भरायला हवं. दोन्ही सारखी भरली. प्राची स्टुलावर बसली आणि एकदम हसायला लागली. दिपमाला घाबरली. हसता हसता प्राचीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा ती जास्तच घाबरली.

"पाणी ताजं आहे हं," प्राची म्हणाली. "मला सांगितलं होतं गं त्यांनी. गाडीपाशी."

त्यांचा वेळ संपला. पुढचा गट दाराशी आपली खोकी घेऊन उभा होता. सरांना फोनवर काय सांगायचं यावर दिपमाला अडली, तेव्हा प्राचीने फोन स्वतःकडे घेतला आणि सांगितलं, जड पाण्याच्या जागी नळाचं होतं, ती रेघ धरू नका. सरांनी कसं कळलं ते विचारून घेतलं. मग म्हणाले, चूक सापडली हे नशीब. पुढच्या फेरीचे अर्ज सुरू आहेत, पण या वेळी जास्त मुक्कामाची तयारी ठेव. "घरी विचारून कळव." दोघींनी खोकं भरलं. विचारून कळव, हे तीन शब्द तिथून धुळ्यापर्यंत माझ्याबरोबर प्रवास करत आले. दोन आहेत की तीन, ते मी घाबरलेली असताना मोजू नये.

धुळ्याच्या चौफुलीवर धम्मपाल मोटारसायकल घेऊन आला होता. प्राचीने त्याला सगळं सांगितलं. तो भला माणूस. म्हणूनच लगेच तोडगा काढला.

"आबांना सांगू नको. लागेल त्यांना. यंत्रात बिघाड झाला म्हण. इंदूरचं यंत्र बघायला कोण जातंय?"

"हं," प्राची म्हणाली.

तिचं "हं" मी पिशवीत ऐकलं. यातून हो निघतं की नाही, हे अजून तिच्या नवऱ्यालाही कळत नाही. मला काय कळणार?

घरी वरण-बट्टी केली होती. तूप आधीच वितळवून ठेवलेलं. लताबाई वाटी परत करायच्या निमित्ताने येऊन बसल्या होत्या आणि उठायचं नाव घेत नव्हत्या. प्राचीने पिशवीतून मला काढलं आणि पुन्हा फ्रीजवर ठेवलं.

तेव्हापासून मी इथे आहे. माझ्या अंगावर तो गोल डाग अजून आहे. द्रौपदाबाई फडकं घेऊन फ्रीज पुसतात तेव्हा माझा जीव गोळा होतो. तुम्हा सगळ्यांना माझं एवढंच मागणं आहे की मला स्वच्छ करायला येऊ नका. ज्याला पुसलं की तो फुटतो, त्याला आहे तसंच राहू द्यावं. पुढच्या वेळी प्राची मला घेईल की नवी बहीण आणेल, ते मला माहीत नाही. डाग पडलेल्या खिडकीला सहसा परत बसवत नाहीत. मला त्याचीही भीती वाटते. पण त्या संध्याकाळी जे झालं ते इथूनच बघितलं, आणि तेवढं बघितल्यावर भीती जराशी सैल झाली.

सगळे ताटांवर बसले होते. आबांनी बट्टी कुस्करली आणि कौतुकाने विचारलं, "मग? कसं काय निघालं पाणी?"

धम्मपालने प्राचीकडे बघितलं आणि भुवया किंचित वर केल्या. आता म्हण.

"बोल ना वं," द्रौपदाबाई म्हणाल्या. "काय व्हयनं तठे? बठ्ठं काम झायं ना?"

प्राचीने हातातला घास ताटात ठेवला. शब्द जमवायला तिला वेळ लागला. या वेळी विषय पुढे गेला नाही. लताबाईसुद्धा थांबल्या.

"अर्धं झालं," ती म्हणाली. "आबा, त्या निळ्या बुचाच्या बाटलीत प्यायचं पाणी नव्हतं. मोजायचं होतं. ते तुम्ही ओतलंत आणि नळाचं भरलंत."

आबांचा हात ताटावरच राहिला. "मी?" ते म्हणाले. "मी तर... तुला वाटेत शिळं नको म्हणून..."

"माहीत आहे मला."

"मंग सांगानं नई का आधी?" द्रौपदाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला होता, पण त्यात राग कमी आणि घाबरणं जास्त होतं.

"आई, असू दे ना. यंत्राचंही काहीतरी..." धम्मपालने सुरुवात केली.

"यंत्र चांगलं होतं," प्राची म्हणाली. "आबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, जेवा. ते पाणी मी सरांकडून परत आणणार आहे. पुढच्या फेरीचा अर्ज करून मी पुन्हा इंदूरला जाणार आहे, या वेळी जास्त दिवस. आणि आजपासून फ्रीजचा खालचा कप्पा माझा. नळ येवो, न येवो, मला विचारल्याशिवाय त्याला कुणी हात लावायचा नाही."